ओळीने अकरा एक

अकरा वेळा एक लिहा. ओळीने, मध्ये काही न सोडता. आता ती संख्या मोठ्याने वाचा: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. वाचताना जिभेला असा काही ताल सापडतो की कुणीही छातीठोकपणे सांगेल, हिला अकराने भाग जातो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगने सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं, आणि मी तेव्हा नववीत, गणितात वर्गात पहिली येणारी, म्हणजे माझा गाढवपणा इतरांपेक्षा वरच्या दर्जाचा. अकराने भाग जात नाही. शेवटी एक उरतो.

ती संख्या खरोखर कशाने भागली जाते, हे आमच्याकडे माझ्या आईने शोधून काढलं. दहावी नापास, तीही गणितात. तुम्हाला ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. आई स्वतः कधी मारणार नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी मारायला हवी, आणि वडील कोकणातले, ते कौतुकसुद्धा तक्रारीच्या सुरात करतात. उरले मी.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची चार मजली बिल्डिंग, आम्ही पहिल्या मजल्यावर. खाली मीटरच्या खोलीबाहेर सोसायटीचा एक फळा होता. त्यावर पाणी कधी येणार ते लिहीत. पाणी सांगितल्या वेळेला कधीच आलं नाही, पण लोक रोज तो फळा वाचत. दुसऱ्या मजल्यावर मुंबईच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर राहायचे. देशावरचे, आवाज खणखणीत, शर्टाच्या खिशात कायम खडू. पाण्याच्या वेळेखाली उरलेल्या जागेत ते दर रविवारी एक गणित लिहीत. संध्याकाळी आठवी ते दहावीचे वर्ग घेत. मी त्यांच्याकडे जायचे.

आईचाही वर्ग होता, पण त्याला वर्ग म्हणायची पद्धत नव्हती. पहिली ते चौथीची नऊ मुलं दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायची आणि तिला काकू म्हणायची. भिंतीला टेकवलेला हातभर फळा, ओला फडका, बस्स. पण भागाकार तिच्यासारखा कुणी शिकवत नसे. आई वसईजवळच्या वटार गावची. तिच्या लहानपणी घरची पानवेल होती. विड्याची पानं खुडून आणली की बायका आणि मुली ढीग लावून मोजायला बसत, आणि मोजलेल्या पानांची टोपली तोंड शिवून बाजारात जाई. ढिगातून पुऱ्या जुड्या काढायच्या, जुडीला कमी पडतील ती पानं फेकायची नाहीत, पुढच्या ढिगात घालायची. भागाकार म्हणजे हेच, ती मुलांना सांगे. इथं उरलं ते वाया जात नाही, शेजारच्या घरात गेलं की दसपट होतं. दुसरीतली पोरं मग बाकी उरली की दुःखी न होता ती पुढच्या घरी पोचवायला धावायची.

एकदा सरांच्या वर्गात मी लांबलचक भागाकार तोंडी करून उत्तर दिलं. सरांनी विचारलं, ही रीत कुणाची. मी म्हणाले, आईची. त्यांनी रीत समजावून घेतली आणि हसले, पानवाल्याचा भागाकार म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी सहज विचारलं की आई किती शिकलीय, आणि मी, त्या हसण्यात आपणही सामील आहोत हे दाखवायच्या नादात, सांगून टाकलं. दहावी नापास. वर विचारलं नसताना विषयही सांगितला.

बिल्डिंगमध्ये बातमीला जिना चढावा लागत नाही. महिन्याभरात नऊ मुलांची चार राहिली. कुणी भांडलं नाही. एकीने सांगितलं की मुलगा फार दमतो. दुसरीने फुलपाड्याला राहणाऱ्या तिच्या बहिणीच्या क्लासचं कारण दिलं. सर मात्र सरळ बोलणारे, त्यांनी जिन्यात वडिलांना गाठून सांगितलं की पाया कच्च्या माणसाने घालू नये, वाईट वाटून घेऊ नका. वडिलांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि वर्तमानपत्र उघडलं. मला वाटलं आता आई मला फाडून खाणार. ती एवढंच म्हणाली की खरं तेच सांगितलंस, त्यात काय. दोन दिवस मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मला माझी लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडी तिचीही. ती घाईत बोलली की 'पन' म्हणायची, मी लगेच 'पण' म्हणून सुधारायचे. असली मुलगी मी.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सरांनी फळ्यावर ते अकरा एक मांडले. खाली लिहिलं: ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही. खोडून दाखवा. सरांच्या जुन्या शाळेची स्मरणिका शाळेच्या वर्षअखेरीला, एप्रिलात, निघणार होती आणि तिच्यात याच संख्येवर त्यांचा लेख येणार होता. ते हे सगळ्यांना सांगत. पाणी भरायला उतरलेल्या प्रत्येकाने बादली टेकून अकराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, आपल्यात अकरा नारळ, अकरा आवर्तनं, अकरा म्हणजे शुभ, भाग जाणारच. सर वरून गॅलरीतून हसत होते. आईने हंडा भरेपर्यंत फळ्याकडे बघितलं, दोन-दोन एकांच्या जोड्या बोटाने लावल्या आणि हळूच मला म्हणाली की पाच जोड्या झाल्या, एक उरला, अकरा नाही चालणार.

घरी येऊन तिने मला विचारायला लावलं की सरांनी सगळ्या संख्यांनी भागून पाहिलंय का. मी विचारलं. सर म्हणाले, दहा हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागलंय, दोन वर्षं घालवलीत, त्यापुढे कोण जातंय. मी हा निरोप आणला तेव्हा आई भाजी निवडत होती.

"म्हनजे अर्धा ढीग मोजला आन टोपली शिवून टाकली," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने माझी एक कोरी शंभर पानी वही मागितली.

दुपारचा वर्ग आता लहान झाला होता, त्यामुळे वेळ होता. घरात कॅल्क्युलेटर होता, पण त्याच्या पडद्यावर आठच आकडे मावत, अकरा एक टाकायला गेलं की शेवटचे तीन बाहेर राहत. आई म्हणाली, बरं झालं, तो नको. सुरुवातीला तिने सरांसारखंच एकेका संख्येने भागून पाहिलं आणि आठवडाभरात तिला कंटाळा आला. कंटाळा आला की ती काम सोडत नाही, कामाची रीत बदलते. तिने प्रश्नच उलटा केला. अकरा एकांना कोण भागतं हे विचारण्याऐवजी, सातला किती एक लागतात? म्हणजे एकापुढे एक उतरवत राहायचं, सातने भागत राहायचं, बाकी शून्य होईपर्यंत किती एक खर्च झाले ते मोजायचं. मग तेराला किती, सतराला किती. वहीत दोन रकाने झाले, डावीकडे संख्या, उजवीकडे किती एक लागले. ज्याच्यासमोर अकरा येतील तो आपला माणूस.

तीन आठवडे हे चाललं. रकाने लांबत गेले आणि त्यात ना शेंडा ना बुडखा. सातसमोर पाच, तेरासमोर पाच, सदतीससमोर दोन, एक्केचाळीससमोर चार. एक दिवस मी तिच्या पाठीमागून डोकावले. खरं तर चुका काढायलाच.

"सदतीस त्रिक एकशे अकरा," मी म्हणाले. "सदतीसला तीन एक लागतात. तू दोन का लिहिलेस?"

तिने मोजून दाखवलं. पहिल्या एकावर बोट ठेवलं, बाजूला सरकवल्यासारखं केलं, मग पुढच्यापासून एक, दोन. मी म्हटलं, आणि हा पहिला? ती म्हणाली, पहिला देवाचा. मग तिचं तिलाच कळलं आणि ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. वटारला टोपली भरताना पहिलं पान देवाचं म्हणून बाजूला ठेवत, ते मोजत नसत. तिची बोटं तीस वर्षांनी मनवेलपाड्यातही देवाचा वाटा काढत होती. वहीतला उजवीकडचा प्रत्येक आकडा एकाने कमी होता.

आम्ही दोघींनी बसून सगळे आकडे सुधारले. तिने खोडून, मी वाचून. सातसमोर सहा. तेरासमोर सहा. सतरासमोर सोळा. एकोणीससमोर अठरा. एकतीससमोर पंधरा. सदतीससमोर तीन. एक्केचाळीससमोर पाच. त्रेचाळीससमोर एकवीस. पान पुरं झालं, पण आईने पेन ठेवलं नाही. तिने डावीकडच्या प्रत्येक संख्येतून एक वजा केला आणि बघत बसली. सातातून एक गेला सहा, सहाला सहाने भाग जातो. तेरातून एक गेला बारा, बाराला सहाने जातो. एकतीसचे तीस, पंधराने जातो. एक्केचाळीसचे चाळीस, पाचाने जातो. फक्त तीन ही संख्या ऐकेना, तिला आईने हट्टी ठरवून समासात बसवलं. बाकी सगळ्या जागच्या जागी. तीन आठवडे जो पसारा होता, तो देवाचं पान मोजल्याबरोबर रांगेत उभा राहिला.

म्हणजे ज्याला अकरा एक लागतील, त्याच्यातून एक काढला की उरलेल्याला अकराने भाग जायलाच हवा. अशी मूळ संख्या विषम असणार, एक काढला की सम होणार, म्हणून अकराने जाईल तर बावीसनेही जाईल. सरांसारखं सगळं गाव पालथं घालायची गरजच नव्हती. बावीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं: तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट, एकोणनव्वद. त्यातल्याही पाचने, तीनने, सातने भाग जाणाऱ्या गाळायच्या. हे असं का होतं, ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. पुढे कॉलेजात मला त्याचं कारण शिकवलं तेव्हा मी बाकावर बसल्या बसल्या इतकी फुगले की शेजारणीने विचारलं, काय झालं. कारण माहीत नसताना माझ्या आईने वहीत दोन रकाने पाडून ते बघितलं होतं, आणि इथे ते समजायला साठ जणांना एक तास लागत होता.

मग नुसती मजुरी उरली. कुकर लावला की एक भागाकार, वर्गातली मुलं पाढे लिहीत असली की दुसरा. चारशेच्या वर भागाकार झाले असतील. शंभर पानी वही संपली, दुसरी घेतली. ती दहा हजारांच्या पुढे गेली तेव्हा मीच घाबरले, कारण इथून पुढे सरही गेले नव्हते. वडील अधूनमधून विचारत की हे कशासाठी. ती सांगत नसे. मला मात्र एकदा म्हणाली की चार मुलं तरी काय म्हणून राहतील, मला जे येतं ते मला येतं हे मला तरी कळू दे. तेव्हा मला उमगलं की ती संख्या शोधत नाहीये, आणि तिच्या हातून काय गेलं होतं तेही. ते मी घालवलं होतं. त्या दिवसापासून दुपारी शाळेतून आले की मी तिचे भागाकार तपासायला बसू लागले. चुका फार सापडल्या नाहीत.

होळीच्या थोडं आधी, एका दुपारी मी घरी आले तर वही मिटून तिच्यावर उलथनं ठेवलेलं. आईने मला हातपाय धुवायला लावलं, चहा दिला आणि एका कागदावर दोन संख्या लिहून दिल्या. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. म्हणाली, गुणाकार कर. मी केला. पाच ओळी मांडल्या आणि बेरीज उजवीकडून घेत आले. एक. एक. हातचे पुढे. पुन्हा एक. पाचव्या एकाला मी आधीचे चार पुन्हा तपासले. अकरावा लिहिला आणि मी पेन टाकून तिच्या गळ्यातच पडले. तिने वही उघडून दाखवली. शेवटच्या पायरीला एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस राहिले होते आणि नवाने गुणून नेमके तेवढेच आले होते. पुढच्या घरी न्यायला काही उरलंच नव्हतं. तिने तो भागाकार तीनदा केला होता, तरी माझ्या हातून व्हायला हवा होता.

मी खडू घेऊन खाली पळत होते. फळ्यावर हातभर अक्षरात लिहायचं, पाण्याच्या वेळेला सगळ्यांनी वाचायचं, सरांनी गॅलरीतून बघायचं, हा माझा बेत. आईने दारात अडवलं. सरांचा लेख अजून छापखान्यात गेला नव्हता, तो आधी थांबायला हवा. छापून आलं तर म्हाताऱ्या माणसाचं हसं होईल, म्हणाली. ज्याने पाच मुलं घालवली त्याचं हसं होईल याची काळजी! मी भांडले. संध्याकाळ झाल्यावर ती साडी बदलून आली, दोन्ही वह्या घेतल्या आणि दुसऱ्या मजल्यावर गेली. मी मागोमाग.

सरांचा वर्ग चालू होता. आईने दारातच थांबून सांगितलं की लेख देऊ नका, भाग जातो. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि कोणत्या संख्येने ते विचारलं. तिने सांगितलं. ते फळ्याकडे वळले आणि आमच्या सगळ्यांसमोर गुणाकार करू लागले. त्यांचे आकडे शाळेच्या फळ्यावर असतात तसे, टपोरे. सातव्या एकानंतर त्यांनी खडू जरा थांबवला. मग बाकीचे चार सावकाश लिहिले. वर्गातली मुलं फळ्यावरचे एक मोजत होती. मी मात्र मनातल्या मनात नाचत होते, ते लपवत नाही.

त्यांनी आईला खुर्ची दिली आणि वही मागितली. एकवीस हजारांपर्यंत पोचलात कशा, विचारलं. तिने पानांपासून सांगितलं, देवाचं पानही सांगितलं. सरांनी दोन रकाने वरपासून खालपर्यंत बोटाने वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एकाने कमी करून बघायचं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नाही, सर. मोजलं."

त्यांनी वहीत दहा हजारांचं पान शोधून काढलं. त्यांची दोन वर्षं त्या वहीत कुठेतरी मध्येच संपली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण माणूस गणिताचा होता. वही मिटून दोन्ही हातांनी तिला परत दिली, आणि बेरजेच्या रेघेखाली स्वतःच लिहिलं की ही संख्या मूळ नाही. त्या संध्याकाळी खालच्या फळ्यावरही त्यांनी तेच लिहिलं, दोन्ही अवयवांसकट, आणि खाली: 'हे पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी शोधलं. पाया त्यांच्याकडे घाला.' सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याची वेळ लिहायला जागाच उरली नाही. त्यांनी ती पंधरा दिवस कागदावर लिहून भिंतीला चिकटवली.

पाचांतली चार मुलं परत आली. दमणारा मुलगा आधी आला, त्याचा दम महिन्याभरात बरा झाला होता. पाचवं फुलपाड्यालाच राहिलं. नवीन तीन आली. मुलांनी काकू सोडून आपोआप बाई म्हणायला सुरुवात केली.

मला मात्र सरांनी दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, भूमितीला माझ्याकडे येत जा. संख्यांचं तुझ्या घरी माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

मी घरी आले. आईचा वर्ग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबला होता. मी दप्तर घेतलं, सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले आणि हात वर केला. नववीची मुलगी, दुसरीतल्या पोरांमध्ये. म्हटलं, बाई, मला एक शंका आहे. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा खडूचा हात तसाच वर राहिला, आणि मला वाटलं की आता ही रडणार आणि मीही.

"विचार," ती म्हणाली. "पन आधी मागं जाऊन बस. तुझ्यामुळं लहान पोरांना फळा दिसत नाय."